पाणी, गटार, दिवे आणि दप्तर

२०२२ च्या दिवाळीनंतर आमच्या आळीत चार घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. उपकेंद्रातला आरोग्यसेवक आला. त्यानं आमच्या ओट्याजवळच्या नळाचं पाणी काचेच्या बारक्या नळीत घेतलं, त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या तपासणीच्या औषधाचे) थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. आम्ही पाच-सहा जणी त्या नळीकडे टक लावून उभ्या होतो. पाणी पिवळं झालं नाही. होतं तसंच नितळ राहिलं, आणि त्या नितळ पाण्याची मला भीती वाटली.

टाकीवर टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, संपून तीन आठवडे झाले होते. पाणी सोडणारे दादा म्हणाले, "वहिनी, मी दोनदा सांगितलं ऑफिसात. माझाच चार महिन्यांचा पगार अडकलाय, पावडर कुठून आणू?" त्याच दिवशी वेशीजवळ गावाच्या कमानीच्या खांबांचं काँक्रीट चालू होतं. मिक्सरचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत येत होता.

मी तशीच पंचायतीत गेले. कमानीला पैसे आहेत आणि पावडरीला नाहीत, हे कसं, असं विचारलं. उत्तर मिळालं, "कमानीचं हेड वेगळं आहे, वहिनी." उत्तर खरं होतं, हे मला नंतर कागद वाचल्यावर कळलं. कमानीचा निधी वरून कमानीसाठीच आला होता, त्यातून पावडरीची एक गोणसुद्धा घेता आली नसती. पण मग पावडरीचं हेड रिकामं का होतं? या प्रश्नानं मला निवडणुकीला उभं केलं.

गाव आमचं नाशिक जिल्ह्यात, कांद्याचं. माहेर चांदवडच्या बाजूचं. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, तेव्हा आई मला बरोबर घेऊन गेली होती. मी नऊ वर्षांची होते. भाषणं काही आठवत नाहीत. आठवतात त्या छातीवर लाल बिल्ला लावलेल्या बायका आणि भाकऱ्यांच्या चळती. त्याच सुमारास संघटनेनं ठरवलं होतं की जिल्हा परिषदा-पंचायत समित्यांच्या निवडणुका बायकांनीच लढवायच्या. आरक्षण तेव्हा कुठे होतं! पंचायतीत बायकांना राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली १९९३ मध्ये आणि महाराष्ट्रात बायकांना निम्म्या जागा मिळाल्या २०११ मध्ये. शरद जोशींचं 'भीक नको, हवे घामाचे दाम' आमच्या घरात म्हणीसारखं बोललं जायचं. सरकारनं शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावं, हे मी पुस्तकातून शिकले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली, तेव्हा आमच्या चाळीत भरलेला कांदा होता. दिल्लीतला एक आदेश आणि दुसऱ्या दिवशीचा लिलावातला भाव, यांचं नातं मी स्वतः मोजलेलं आहे.

पण पंचायतीबद्दल मी तसा विचार कधी केला नव्हता. तो मला कागदांनी करायला लावला.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं तिकीट आणि पानाला दोन रुपये. ग्रामपंचायतीचं दप्तर ३३ नमुन्यांत असतं. मी तीनच मागितले: नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकडवही, नमुना ९ म्हणजे कराच्या मागणीची वही. रात्री जेवणं आटोपली की मी आणि धाकटी लेक कागद पसरून बसायचो. ती कॅल्क्युलेटरवर आकडे मारायची, मी वहीत लिहायची.

जे दिसलं ते असं. पंचायतीकडे दोन तऱ्हेचा पैसा येतो. एक वरून येतो, नाव-गाव ठरवून. तेव्हाच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेला ४० टक्के अबंधित. अबंधित म्हटलं तरी त्यावर आधीच दावे लागलेले असतात. पथदिव्यांचं वीजबिल त्यातून भरायचं. संगणक परिचालकाचे तेव्हा महिन्याला १२,३३१ रुपये द्यावे लागत, म्हणजे वर्षाला जवळजवळ दीड लाख. त्यातलं त्या पोराच्या हातात किती पडायचं ते विचारलं, तर निम्म्याच्या आसपास. दुसरा पैसा आपला, घरपट्टी-पाणीपट्टीचा. टीसीएल, व्हॉल्व्हची दुरुस्ती, पाणी सोडणाऱ्याचा पगार, असं रोजचं सगळं आमच्याकडे या दुसऱ्या पैशावर चालतं. आणि नमुना ९ सांगत होता की निम्म्याहून जास्त घरपट्टी थकलेली आहे. सगळ्यात मोठी थकबाकी सगळ्यात मोठ्या घरांची होती. माळावरच्या पत्र्याच्या घरांची पावती फाडलेली, आणि चिरेबंदी बंगल्यांपुढे सहा-सहा वर्षांचे आकडे.

माझं म्हणणं तिथं पक्कं झालं. पंचायतीनं थोडी कामं हातात घ्यावीत, ती रोज आणि नीट करावीत, आणि ती स्वतःच्या पैशातून चालतील एवढा कर सगळ्यांकडून सारखा वसूल करावा. वरचा पैसा आला तर आधी या कामांना जोडावा. जोडता येत नसेल आणि नंतर त्याची देखभाल आपल्याच गळ्यात पडणार असेल, तर नाही म्हणायचं धाडस ग्रामसभेनं करावं. आमच्या शाळेमागे व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत. तीन पावसाळ्यांत गंजली. ती बसवायला निधी होता, वंगणाला नव्हता.

१९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम मी तेव्हाच वाचला. कलम ४५ आणि त्यामागची ग्रामसूची वाचताना दमछाक होते. शेती, जनावरं, जंगल, शिक्षण, आरोग्य, बांधकाम, काय काय नाही त्यात. पण कलमातच म्हटलेलं आहे की हे सगळं गावनिधीला परवडेल तितपत करायचं. एवढे शब्द मी पेन्सिलीनं अधोरेखित केले. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाची घोषणा आपल्याकडे पुष्कळांना पाठ आहे: 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. ती म्हणताना आम्ही टाळ्या वाजवतो. पण आम्हीच सरकार असू, तर पट्टीही आम्हीच भरायला हवी. संभाजीनगरजवळच्या पाटोद्यानं कर भरणाऱ्याला दळण मोफत दिलं आणि लोक कर भरू लागले, हे मला कुठल्याही योजनेपेक्षा मोठं वाटतं.

नोव्हेंबरात निवडणूक लागली. राज्यात ७,७५१ ग्रामपंचायती, मतदान १८ डिसेंबर. आमची पंचायत नऊ सदस्यांची, तीन प्रभाग, आणि सरपंच थेट जनतेतून. २०१७ मध्ये आलेली ही पद्धत २०२० मध्ये काढली होती आणि २०२२ मध्ये पुन्हा आणली होती. आमच्या प्रभागात एक जागा महिलांना राखीव होती आणि एक सर्वसाधारण. राखीव जागेवर दोन्ही पॅनेलांचे उमेदवार ठरलेले होते. मी सर्वसाधारण जागेवर उभी राहायचं ठरवलं. चुलत सासरे घरी येऊन बसले. "बायांची जागा असताना पुरुषांच्या जागेवर कशाला, सूनबाई?" मी म्हटलं, "मामंजी, ती पुरुषांची नाही, सगळ्यांची आहे." ते चहा न घेता उठले. सासूबाई मात्र भांडी घासता घासता म्हणाल्या, "उभी राहा. पण निवडून आलीस तर आधी मागच्या गल्लीचं गटार."

कागद जमवायला आठ दिवस लागले. ग्रामपंचायतीचं काही येणं नाही याचा दाखला. शौचालय वापरत असल्याचा दाखला. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं नसल्याचं घोषणापत्र. मालमत्ता आणि गुन्ह्यांबद्दलचं घोषणापत्र. निवडणूक खर्चासाठी बँकेत नवं खातं. अनामत ५०० रुपये. थकबाकी नसल्याचा दाखला घेताना मला जे वाटलं ते सांगायलाच हवं. उमेदवाराला घरपट्टी भरल्याशिवाय उभं राहता येत नाही, हा नियम फार चांगला आहे. त्या आठवड्यात पंचायतीत जेवढी वसुली झाली, तेवढी वर्षभरात झाली नसेल. गावातली वजनदार माणसं दोन्ही पॅनेलांमधून उभी राहणार होती, ती रांगेत उभी राहून जुनी पट्टी भरत होती. पावत्या फाडणाऱ्याला दुपारी दुसरं पुस्तक काढावं लागलं. मी बाकावर बसून बघत होते. मनात आलं, दर वर्षी निवडणूक असती तर टाकीवर पावडर कधीच संपली नसती.

अर्ज संगणकावर भरायचा होता. तालुक्याच्या गावी सेवा केंद्रासमोर रात्री अकरापर्यंत बसलो. पान उघडायचं, अर्ध्यावर थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी आयोगानं हातानं लिहिलेले अर्जही घ्यायची परवानगी दिली, वेळही वाढवून दिली. २ डिसेंबरला माझा अर्ज गेला. ५ तारखेच्या छाननीत माझ्या अर्जावर हरकत आली, की सातबाऱ्यावरचं नाव आणि मतदार यादीतलं नाव यांत एका अक्षराचा फरक आहे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून शांतपणे वाचले आणि हरकत फेटाळली. माझे तळहात घामानं ओले झाले होते.

७ डिसेंबरला दुपारी तीनपर्यंत माघारीची मुदत. आदल्या रात्री दोन्ही पॅनेलांची माणसं वेगवेगळी येऊन गेली. एकांनी सांगितलं की प्रभाग बिनविरोध करू, मंदिराच्या सभामंडपाला देणगी मिळेल, तुम्हाला पुढच्या वेळी घेऊ. उमराणे आणि खोंडामळी इथं सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून जानेवारी २०२१ मध्ये आयोगानं त्या निवडणुका रद्द केल्या होत्या. उमराणे तर आमच्याच जिल्ह्यातलं. मी तेवढं नाव घेतलं आणि ते लोक उठून गेले. मला चिन्ह मिळालं कपबशी.

नऊ सदस्यांच्या पंचायतीत सदस्याला खर्चाची मर्यादा २५ हजार. मला तेवढा करायचाच नव्हता. एका कागदाच्या दोन्ही बाजूंना छापून घेतलं. पुढच्या बाजूला चार शब्द, पाणी, गटार, दिवे, दप्तर, आणि प्रत्येकाखाली दोन ओळी. मागच्या बाजूला रोकडवहीतून काढलेला गेल्या वर्षीचा जमाखर्च. लोकांनी मागची बाजू जास्त वाचली. एका आजोबांनी चष्मा पुसून पुसून वाचलं आणि विचारलं, "ही स्वागत-सत्काराची रक्कम एवढी? टीसीएलपेक्षा जास्त?" मी म्हटलं, "वहीत आहे तेवढीच छापली, बाबा." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

सगळीकडे असं झालं नाही. "सरकारचा पैसा आपण नाही घेतला तर शेजारच्या गावाला जाईल," हे मला दिवसातून दहा वेळा ऐकावं लागलं. याला माझं उत्तर होतं, की रस्त्यावर सिमेंटचे गट्टू बसवायला सरकार पैसे देतं, पण त्याखालची पाइपलाइन फुटली की ते उखडायचे आणि परत बसवायचे पैसे गाव देतं. आमच्या चावडीपुढे हे दोनदा झालंय. लोकांना पटायचं. पण पटून झालं की ते विचारायचे, "बरं, आमच्या दारापुढे गट्टू कधी?"

ज्या दुपारनं माझं म्हणणं बदललं, तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. ओढ्यापलीकडच्या वस्तीत गेले होते. एक मावशी शेळीला पाला टाकत होत्या. मी चार कामांचं सांगितलं, पंचायतीनं थोडंच करावं, असं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, तुमच्या आळीत रस्ता झाला तेव्हा माझं लग्न नव्हतं झालं. इथं झाला तेव्हा माझ्या नातवाचं बारसं होतं. आता तू म्हणते, पंचायतीनं थोडं करायचं. तुमचं सगळं झाल्यावर थोडं का?"

मला उत्तर देता आलं नाही. ओटीवर बसले, पाणी मागितलं. त्यांच्या माठातलं पाणी ओढ्याच्या कडेच्या हातपंपावरचं होतं. आमच्या टाकीची पाइपलाइन ओढा ओलांडून तिथवर पोचलेलीच नव्हती. पंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. घरी येऊन रोकडवही पुन्हा काढली. १५ टक्क्यांतून त्या वर्षी सतरंज्या आणि खुर्च्या घेतलेल्या होत्या, आणि त्याही कुलूप लावलेल्या समाजमंदिरात पडून होत्या.

तोवर माझा समज असा होता, की पंचायत लहान ठेवली की ती सगळ्यांना सारखीच लागू पडते. त्या मावशींनी मला दाखवलं, की काम थोडं करायचं असेल तर ते ओढ्यापलीकडून सुरू करावं लागतं. नाहीतर 'थोडं' हा शब्द ज्यांचं झालंय त्यांच्याच सोयीचा. दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या कागदांवर पाण्याच्या खाली हातानं एक ओळ लिहिली, 'आधी ओढ्यापलीकडे नळ'. चारशे कागदांवर. लेकीनं दोनशे लिहिले. आमच्याच आळीतल्या दोघा-तिघांनी ती ओळ वाचून तोंड फिरवलं, आणि त्यात माझी मतं गेली हे मला माहीत आहे. थोरल्या घरांच्या थकबाकीबद्दल बोलत होते, त्यातही गेली. नावं मी कुणाची घेतली नाहीत. पण गावात नाव घ्यायची गरजच नसते.

१७ च्या रात्री आळीत मोटारसायकली फिरत होत्या. आमच्याकडे त्याला लक्ष्मीदर्शन म्हणतात. आमच्या दारात दिवा लावून मी आणि नवरा बसून राहिलो. मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. प्रभागात प्रत्येकाला सदस्यांची आणि सरपंचाचं अशी मतं द्यायची असल्यानं म्हाताऱ्या माणसांना फार वेळ लागत होता. ओढ्यापलीकडच्या मावशी दुपारी आल्या, माझ्याकडे बघितलंही नाही, रांगेत उभ्या राहिल्या.

२० तारखेला तहसीलमध्ये मोजणी झाली. मी २७ मतांनी हरले. गुलाल दुसऱ्यांच्या डोक्यावर उडाला. नवरा म्हणाला, "चल, कांद्याला पाणी द्यायचंय." घरी येऊन सासूबाईंच्या जवळ बसले आणि मग रडू आलं. हरल्याचं दुःख होतंच, ते का लपवू? सहा आठवडे मी दुसरं काही केलं नव्हतं.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यानंही. माझा ११,६४० रुपये झाला होता. सगळ्या पावत्या डकवून दिल्या. बाहेर पडताना वाटलं, उमेदवाराकडून चहाच्या पावतीपर्यंत हिशेब घेणारा हा कायदा आहे. गावानं पंचायतीकडून तेवढाच चोख हिशेब घ्यायला कोणती अडचण आहे? काहीच नाही. ग्रामसभा आहे.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी ती लागते. आम्ही झेंडावंदनाला तीनशे होतो आणि सभेला एक्केचाळीस. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण विषयपत्रिकेबाहेरचा विषय घेता येत नाही. म्हणून मी आधीच्या नोटिशीतला 'जमाखर्चास मंजुरी' हाच विषय धरला. पुढच्या आठवड्यात सभा पुन्हा बसली. मी उभी राहून म्हटलं, मंजुरी द्यायची तर आधी वाचून दाखवा. नव्या सरपंचबाईंच्या विरोधात मी प्रचारात बोलले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ग्रामसेवकांना म्हणाल्या, "वाचा." पाऊण तास वाचन चाललं. सतरंज्यांची ओळ आली तेव्हा मागून आवाज आला, "थांबा. ते परत वाचा." मावशी होत्या त्या.

ओढ्यापलीकडच्या नळाचा विषय त्या दिवशी घेता आला नाही, पत्रिकेवर नव्हता. तो १ मेच्या सभेसाठी आम्ही लेखी दिला, चौऱ्याहत्तर सह्यांनिशी. थकबाकीदारांच्या नोटिसा निघाल्या, दोघांनी भरले, बाकीचे अजून बाकीच आहेत. पाणी सोडणाऱ्या दादांचे दोन महिन्यांचे पगार निघाले, दोन राहिलेत.

टाकीखालच्या खोलीच्या दारावर दादांनी पाटीचा काळा रंग लावून घेतलाय. त्यावर रोज सकाळी टीसीएल किती किलो शिल्लक आणि ओटी कशी आली, एवढंच खडूनं लिहितात. परवा पाण्याला जाताना पाहिलं. 'शिल्लक ९ किलो. पिवळी.' खाली कुणीतरी वेगळ्या अक्षरात लिहिलं होतं, 'नवी गोण कधी मागवणार?'